वाट पाहणं आणि ताटकळणं

मराठीत थांबण्यासाठी एका शब्दावर भागत नाही. आपण वाट पाहतो, खोळंबतो, ताटकळतो, तिष्ठत राहतो. ऐकायला सगळं एकाच जातीचं वाटतं, पण ज्याच्यावर हे सगळं गुदरलंय त्याला फरक समजावून सांगावा लागत नाही. वाट पाहणाऱ्याचे डोळे रस्त्याकडे लागलेले असतात. कुणीतरी येणार आहे, काहीतरी घडणार आहे, याची त्याला खात्री असते, निदान आशा तरी असतेच. ताटकळणाऱ्याजवळ तेवढंही नसतं. त्याचे पाय दुखतात, आणि आपण इथे उभे आहोत याची कुणी दखलही घेत नाही हे पायांहून जास्त दुखतं. धावत्या जगात धीर धरायला शिका, असं सांगणारं लिखाण मी बरंच वाचलंय. धीराची बाजू मलाही घ्यायची आहे. पण या दोन क्रियापदांची गल्लत करून घेतलेली बाजू शेवटी ताटकळवणाऱ्याच्या पथ्यावर पडते, आणि ते मला मान्य नाही.

काही वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन होतं. तीन तास लागतील असं सांगितलं होतं. मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. तीन तास झाले, साडेतीन झाले, चार होत आले. दार उघडलं की बाकावरचे आम्ही सगळेच अर्धवट उठायचो आणि कुणी आपल्याकडे पाहत नाही असं दिसलं की पुन्हा बसायचो. हातात फोन होता, त्यावरचा एकच मेसेज मी चार-पाच वेळा वाचला असेल आणि तो कशाबद्दल होता हे आज आठवत नाही. मग एक नर्स बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली ओढून तिने आईचं नाव घेतलं आणि म्हणाली, "त्या ठीक आहेत. आधीची केस लांबली, म्हणून यांचं सुरूच उशिरा झालं. अजून दीड तास धरून चाला." वीस सेकंदांचं काम. ती परत आत गेली, आणि मी उठून तोंड धुतलं, पाणी प्यायले, भावाला फोन केला. ऑपरेशन एका मिनिटानेही लवकर आटपलं नाही. पण तोवर मी ताटकळत होते, तिथून पुढे वाट पाहू लागले.

डेव्हिड मेइस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्राबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं. कारण न सांगता थांबवलं तर तोच वेळ जास्त लांब वाटतो, किती थांबायचंय ते ठाऊक नसेल तर आणखी लांब, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तर त्याहूनही लांब. चाळीस वर्षं झाली. दुकानं, विमानतळ, मनोरंजनाचे बगीचे चालवणाऱ्यांनी यातून बरंच उचललं, कारण तिथे कंटाळलेलं गिऱ्हाईक उठून जातं. जिथून माणसाला उठून जाताच येत नाही, तिथे मात्र हे शहाणपण अजून पोचलेलं नाही.

धीराचा विषय निघाला की मार्शमेलोचा प्रयोग निघतोच. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांसमोर मार्शमेलोसारखा मऊ, गोड खाऊ ठेवून त्यांना सांगितलं, की मी परत येईपर्यंत हा खाल्ला नाहीस तर तुला जास्त मिळेल. पुढे ही मुलं मोठी झाल्यावर ज्यांनी जास्त वेळ दम धरला होता ती अभ्यासात पुढे असल्याचं दिसलं, आणि पालकांच्या जगात एक समीकरण पक्कं बसलं: ज्याला थांबता येतं तो जिंकतो, आणि थांबता येणं हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं गेलं तेव्हा घरची परिस्थिती आणि तत्सम गोष्टी हिशेबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरून गेला. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तो करणाऱ्या सेलेस्ट किड यांनी आधी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथली मुलं पाहून त्यांच्या मनात आलं, की यांच्यापुढे मार्शमेलो ठेवला तर ही सगळी तो लगेच खातील. जिथे हातातली वस्तू केव्हाही कुणी हिसकावून नेऊ शकतं, तिथे दुसरं काय करणार? मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली. त्यांना चित्रं काढायला बसवलं, वापरलेले खडू दिले आणि सांगितलं, थोडं थांबलास तर यापेक्षा चांगले खडू आणते. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांकडे बाई रिकाम्या हाताने परत आल्या: माफ कर, नाहीयेत आमच्याकडे. स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तेच. त्यानंतर मार्शमेलो आला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. चौदापैकी नऊ तर पूर्ण पंधरा मिनिटं. ज्यांना दोनदा फसवलं गेलं होतं, ती सरासरी तीन मिनिटं. त्यांच्यातलं पूर्ण वेळ थांबलेलं मूल एकच.

तीन मिनिटांत खाऊ तोंडात टाकणाऱ्या त्या पोरांना उतावळं म्हणायची माझी छाती होत नाही. त्यांनी हिशेब केला, आणि त्यांच्या अनुभवापुरता तो चोख होता. धीर म्हणजे एका अर्थी उधारी. थांबणारा माणूस आपला वेळ समोरच्याला उसना देतो, तो परत येईल या भरवशावर. ज्याची उधारी दोनदा बुडाली त्याने तिसऱ्यांदा रोखीचा व्यवहार मागितला तर दोष त्याच्या स्वभावाला द्यायचा, की बुडवणाऱ्याला?

हल्लीची पिढी उतावळी, कुणाला दम म्हणून नाही, ही तक्रार मी रोज ऐकते. तक्रार करणाऱ्यांनी या पिढीला काय काय थांबायला सांगितलं गेलं, हे एकदा आठवून पाहावं. आधी शिक, मग नोकरी आपोआप मिळेल. आधी उमेदवारी कर, मग पगार वाढेल. तुझा अर्ज विचाराधीन आहे, आम्ही कळवू. त्यातलं किती आलं, आणि न आलेल्याचं कारण किती जणांना कुणी सांगितलं? लोकांच्या अंगी धीर हवा असेल तर आधी शब्द पाळणारी व्यवस्था हवी. उपदेशाने हे काम होत नाही, कधी झालेलंही नाही.

आणि उपदेश नेहमी रांगेच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाला दिला जातो. जो माणूस फोन फिरवून आपलं काम करून घेऊ शकतो तो थांबण्याचं महत्त्व सांगतो, आणि ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतोय तो ते ऐकतो. गरिबाचा वेळ फुकटचा, ही समजूत इतकी मुरली आहे की ती कुणाला समजूत वाटतच नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात असताना हाच सल्ला मिळाला होता: कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांची मागणी बरोबर आहे, पण वेळ योग्य नाही, जरा थांबा. त्यांनी तुरुंगातूनच पत्र लिहून उत्तर दिलं, की आमच्या अनुभवात या 'थांबा'चा अर्थ जवळजवळ नेहमीच 'कधीच नाही' असा निघाला आहे. म्हणून कुणी धीर धरा म्हणालं, की मी आधी विचारते: कशासाठी, कुठवर, आणि तोवर तुम्ही काय करणार?

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी घाईचीच वकिली करते आहे. मुळीच नाही. वेगाने दिलेलं मी नाकारणार नाही. मैलोन्मैल दूर असलेल्या माणसाला गरजेच्या क्षणी पैसे पोचतात, रुग्णवाहिका लवकर येते, वादळाची सूचना आधी मिळते. पत्राला महिना लागायचा त्या काळाचा मला मोह नाही. माझं म्हणणं असं आहे की आपण वेग चुकीच्या जागी ओतला. न्याय, उपचार, हक्काचे पैसे जिथे झटपट मिळायला हवेत तिथे माणसं अजून तिष्ठत आहेत. आणि जिथे थांबणं हेच काम असतं, तिथलं थांबणं आपण पुसून टाकत आणलं.

थांबणं हेच काम म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण पृथ्वीवरचं नाही. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर-१ या यानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अचानक निरर्थक आकडे पाठवायला सुरुवात केली. यान २४ अब्ज किलोमीटरहून दूर होतं. प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या संदेशाला तिथवर जायला तेव्हा साडेबावीस तास लागत होते, उत्तर यायला आणखी तेवढेच. एक हाक मारायची आणि ओ येते का हे ऐकायला ४५ तास थांबायचं. अभियंत्यांनी महिनोन्महिने असं केलं. अखेर सापडलं की संगणकाच्या स्मृतीतली एक चिप गेली आहे. बदलायला कोण जाणार तिथे? मग त्या चिपवरचा कोड दुसरीकडे हलवायचं ठरलं, पण सगळा मावेल अशी एक सलग जागा उरलेली नव्हती. तेव्हा त्याचे तुकडे करून, जिथे फट मिळेल तिथे एकेक बसवायचा आणि तरी सगळं मिळून एकसंध चालेल असं पाहायचं. पहिला तुकडा १८ एप्रिल २०२४ला पाठवला. २० एप्रिलला उत्तर आलं. पाच महिन्यांनी यानाने पहिल्यांदा आपली खबरबात कळेल अशा भाषेत सांगितली.

हे वाचल्यापासून ते ४५ तास माझ्या मनातून जात नाहीत. उत्तर यायला दोन दिवस लागणार असतील तर माणूस प्रश्न कसा विचारेल? शब्द न् शब्द तपासून. चुकीचा आदेश परत बोलावता येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे, तो पाठवण्याआधीच चुका शोधत. उत्तराला लागणारा वेळ प्रश्नाला घडवतो. आणि उत्तर अर्ध्या सेकंदात येणार असेल तर? आपण अर्धा प्रश्नच टाइप करतो. नाही जमलं तर पुन्हा विचारू. सोयीचं आहे ते, मीही करते. पण प्रश्न नीट मांडण्याची सवय त्यात हरवत जाते, आणि तिचं महत्त्व कळतं ते एकदम मोठ्या प्रसंगी.

शिकण्याचंही तसंच आहे. हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात दाखवलं होतं की एकाच बैठकीत दहादा घोकण्यापेक्षा अधेमधे दिवस जाऊ देऊन केलेली उजळणी जास्त टिकते. त्यानंतर कितीतरी संशोधकांना हेच दिसलं. मधल्या दिवसांत वही बंद असते, पण डोकं बंद नसतं. हाड जुळताना बाहेरून काहीच दिसत नाही, तरी आत काम चाललेलं असतं. त्या काळाला आपण 'वाया गेलेला' म्हणायला लागलो, हा आपला दृष्टिदोष आहे.

सगळ्यात जास्त घाई आपण मत बनवण्यात करतो. 'शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही' ही म्हण जणू आजच्या बातम्यांसाठीच रचली असावी. एखादी दुर्घटना होते, एखाद्यावर आरोप होतो. तपास व्हायला आठवडे लागणार हे सगळ्यांना माहीत असतं. पण पहिल्या तासाभरातच दोषी कोण हे ठरतं, त्याचा फोटो फिरतो, त्याच्या घरच्यांपर्यंत शिव्या पोचतात. चार दिवसांनी माणूस भलताच निघाला तर ती बातमी कुणी पुढे पाठवत नाही. हे करणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांच्या हातातलं यंत्र थांबणाऱ्याला काहीच देत नाही आणि पहिल्या बोलणाऱ्याला लगेच टाळ्या देतं. 'मला अजून माहीत नाही' या वाक्याला तिथे कुणी 'लाइक'चा अंगठा देत नाही. मला मात्र आजच्या काळात नागरिकाचं सर्वांत मोठं कर्तव्य तेच वाक्य म्हणता येणं आहे असं मनापासून वाटतं.

त्यासाठी थोडी रिकामी जागा लागते, आणि ती आपल्याला सोसत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांना पंधरा मिनिटं खोलीत एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार. समोर एक बटण, दाबलं तर विजेचा झटका. तो झटका नको म्हणून आम्ही पैसेही मोजू, असं याच माणसांनी आधी सांगितलं होतं. तरीही अठरा पुरुषांपैकी बाराजणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहाजणींनी त्या पंधरा मिनिटांत निदान एकदा ते बटण दाबलं. मी हे वाचलं तेव्हा माझा हात आपसूक फोनकडे गेला होता. लिफ्ट येईपर्यंत, पाणी तापेपर्यंत, समोरचा माणूस वाक्य पूर्ण करेपर्यंत आपण बटण दाबतच असतो.

यावर मनोनिग्रहाचे वर्ग काढणं हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. एकेकट्याने दात-ओठ खाऊन लढायची ही लढाई नाही. थांबण्याची जागा नियमातच, यंत्रातच ठेवावी लागते. आणि तसं करता येतं. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशानुसार ऑनलाइन किंवा दारात येणाऱ्या विक्रेत्याकडून केलेली बहुतेक खरेदी ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. मोह झाला, हरकत नाही, दोन आठवडे विचार कर, असं कायदाच सांगतो. याहून नवलाचं उदाहरण शेअर बाजारातलं आहे, जिथे मायक्रोसेकंदासाठी कोट्यवधी खर्च होतात. अमेरिकेतल्या आयईएक्स या बाजाराने मुद्दाम ६१ किलोमीटर लांबीची फायबरची तार वेटोळं करून पेटीत ठेवली आणि प्रत्येक ऑर्डरला तिच्यातून जायला लावलं. त्यामुळे ३५० मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण तेवढ्याने अतिवेगवान यंत्रांना इतरांच्या पुढे घुसणं अवघड होतं. सगळ्यांना सारखंच थांबवल्यामुळे व्यवहार न्याय्य होतो, हे जगातल्या सर्वांत घाईच्या धंद्यातल्या लोकांनी ओळखलं. मग न पडताळलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी दहा मिनिटांचं वेटोळं का असू नये? महत्त्वाचा कायदा मांडल्यापासून मतदानापर्यंत लोकांना तो वाचता येईल इतके दिवस का असू नयेत?

आणि उलट बाजूलाही नियम हवेत. ज्या कार्यालयाला माणसाला थांबवण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर तीन गोष्टींचं बंधन हवं: का थांबायचं, किती दिवस, आणि ते दिवस उलटले तर जबाबदार कोण. त्या नर्सने पहिल्या दोन गोष्टी वीस सेकंदांत सांगितल्या होत्या. त्यासाठी निधी, समिती, काहीच लागलं नव्हतं. आपल्यामुळे कुणीतरी बाहेर बसलंय, एवढं तिच्या लक्षात होतं.

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने वीस बाटल्यांत ओलसर वाळू आणि त्यात मिसळलेल्या बिया भरल्या आणि त्या जमिनीत पुरल्या. आत पाणी साचू नये म्हणून बाटल्यांची तोंडं खालच्या बाजूला कलती ठेवली. तणाचं बी मातीत किती वर्षं जिवंत राहतं, एवढाच प्रश्न होता. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची असं त्यांनी ठरवलं. पुढच्यांनी ते अंतर दहा वर्षं केलं, नंतर वीस. बील १९२४ मध्ये वारले. जागा दाखवणारा नकाशा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. सोळावी बाटली एप्रिल २०२१ मध्ये काढली, पहाटेच्या अंधारात, कारण उजेडाने बिया वेळेआधीच जाग्या होऊ नयेत. १४१ वर्षं जमिनीत पडून राहिलेल्या त्या बियांतल्या काही उगवल्या.

चार बाटल्या अजून पुरलेल्या आहेत. शेवटचीची तारीख ठरलेली आहे, इसवी सन २१००. सोळावी काढणाऱ्यांनी तो खड्डा पुन्हा बुजवला आणि नकाशा आपल्यापेक्षा तरुण सहकाऱ्यांच्या हवाली केला. पुढची पाळी २०४०ची.